बीपी मोजतात, मग मनाचं का विचारत नाहीत?

"डॉक्टर, अंग दुखतंय, झोप लागत नाही, जेवण जात नाही." आरोग्य केंद्राच्या ओपीडीत हे रोज ऐकू येतं. बीपी मोजतात, गोळ्या देतात. कुणी खासगीत जाऊन सलाईन लावून येतो. महिनाभरात तोच माणूस पुन्हा रांगेत. सोयाबीन पाण्यात गेलं त्या वर्षी मीही तीनदा केसपेपर काढला. मनाचं कुणी विचारलं नाही अन् मीही बोललो नाही.

खरं तर विचारायची सोय सरकारी कागदावर आहे. तिशीच्या पुढच्या लोकांचा जो तपासणी फॉर्म आशाताई भरतात, त्यात दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतंय का? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज ३ च्या पुढे गेली तर सीएचओ किंवा डॉक्टरकडे पाठवायचं. हे निदान नव्हे, फक्त पुढच्या तपासणीची खूण.

पण ओसरीवर सासू अन् शेजारीण बसलेली असताना सून खरं सांगेल का? "काही नाही ताई, बरं हाय," म्हणते आणि फॉर्मवर शून्य पडतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या १०० पैकी सुमारे ८५ रुग्णांना उपचार मिळत नव्हते. यावर मार्ग निघतो, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांनी दाखवलंय. तिथं 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी बोलले, समुपदेशन केलं, गरज पडली तर डॉक्टर गाठून दिला. १८ महिन्यांत नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

म्हणजे नुसता फॉर्म भरून भागत नाही. प्रश्न एकट्यात विचारला पाहिजे आणि 'हो' म्हणणाऱ्याला समुपदेशक, औषध, पुन्हा विचारपूस मिळाली पाहिजे. नाहीतर आशाताईवर आणखी एका कागदाचं ओझं, बाकी काही नाही.

येत्या ग्रामसभेत रस्ता-पाण्यासोबत हेही विचारा: आपल्या केंद्रात समुपदेशक कोणत्या वारी येतो?

तोवर स्वतःला किंवा घरातल्या कुणाला जड जात असेल तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा.