परक्या शहरातले पहिले बिऱ्हाड

अंतिम वर्षाच्या परीक्षा आटोपून नव्या नेमणुकांच्या तारखा जवळ येऊ लागल्या, की लातूर, नांदेड, अकोला, जळगाव अशा गावांतून पुण्याकडे निघालेल्या तरुणांच्या घरी जी खलबते सुरू होतात, त्यांत पगाराचा विषय एका संध्याकाळीच निकालात निघतो. परंतु राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र पुढे कित्येक दिवस घोळत राहतो. मामांचा कोणी परिचित कोथरूडला असतो, आत्याच्या दिरांनी वाघोलीला सदनिका घेऊन ठेवलेली असते, एखादा वर्गमित्र वाकडला चौघांत खोली करून राहत असतो. आणि प्रत्येकाची शिफारस मनापासूनची असली, तरी सकाळी नऊ वाजता त्या त्या ठिकाणाहून हिंजवडीतल्या कार्यालयात पोहोचायला किती वेळ लागतो, हे त्यांपैकी कोणालाही बहुधा सांगता येत नाही. मग भ्रमणध्वनीवरची छायाचित्रे, दलालाचा आग्रह आणि भाड्याचा आकडा या तीन गोष्टींच्या बळावर निर्णय होतो, आणि ज्या शहराची आपल्याला काडीचीही माहिती नाही, त्या शहरातील आपल्या दिनक्रमाचा साचा आपण एका दुपारी ठरवून मोकळे होतो.

माझे म्हणणे असे, की नव्या शहरात पहिले बिऱ्हाड करताना सर्वांत मोठी अडचण पैशाची नसून अज्ञानाची असते, आणि म्हणून ते बिऱ्हाड असे निवडावे, की आपल्या अज्ञानाचा दंड आपल्याला कमीतकमी भरावा लागेल. याचा व्यावहारिक अर्थ इतकाच, की पहिले घर भाड्याचे असावे, कामाच्या ठिकाणापासून जवळ असावे आणि नव्याने उठणाऱ्या वसाहतीऐवजी नांदत्या वस्तीत असावे, मग त्यासाठी खोली एक कमी मिळो की भाडे थोडे अधिक पडो.

हे अज्ञान पूर्वी नव्हते असे नाही. परंतु त्यावर समाजाने एक तोडगा काढून ठेवला होता. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून मुंबईच्या गिरणीत कामाला निघालेल्या माणसाला कुठे राहायचे याचा विचार सहसा करावाच लागत नसे. त्याच्या गावाने तो आधीच केलेला असे. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या होत्या, एकेका खोलीत एकाच गावची दहा-वीस माणसे पाळ्यांप्रमाणे आलटूनपालटून झोपत, सामान भिंतीला टांगलेले असे आणि जेवण एखाद्या बाईच्या खानावळीत महिन्याच्या हिशेबाने चाले. गोव्यातून बोटीवरच्या किंवा हॉटेलातल्या नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती तरुणांकरिता धोबीतलावाच्या आसपास गावोगावचे ‘कूड’ होते, आणि तेथेही माणूस मुंबईत उतरण्यापूर्वीच त्याची पथारी ठरलेली असे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती दाटीची, रोगराईची आणि एकांताला पूर्णपणे पारखी अशी व्यवस्था होती, आणि स्त्रियांना तर तीत स्वयंपाकापलीकडे फारसे स्थान नव्हते. परंतु कोणत्या गिरणीचा भोंगा कितीला होतो, पाणी किती वाजता येते, कोणत्या मुकादमाशी जपून वागावे आणि आजारी पडल्यास कोणाचे दार ठोठावावे, हे सारे ज्ञान नवागताला त्या खोलीत पाऊल ठेवताच फुकट मिळत असे. आजच्या तरुणाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले आहे, आणि ते मोलाचेच आहे. मात्र त्या स्वातंत्र्याबरोबर येणारी माहिती त्याची त्यालाच गोळा करावी लागते.

निवडीचे हे स्वातंत्र्यदेखील सर्वांना सारखे मिळालेले नाही, ही गोष्ट येथे स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. १९१७ साली परदेशातील विद्यार्जनानंतर बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा त्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव धारण करून एका पारशी विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला, आणि काही दिवसांतच हातांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर पडण्यास भाग पाडले. ओळखीच्यांकडेही आसरा मिळेना, तेव्हा सार्वजनिक बागेत काही तास काढून हे विद्वान गृहस्थ मुंबईस परतले, आणि ही हकीकत त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत स्वतःच लिहून ठेवली. शतक उलटले, काठ्या दिसेनाशा झाल्या. परंतु घर पाहायला गेलेल्या माणसाला पगाराच्या आधी आडनाव विचारण्याची, आडनावावरून समाधान न झाल्यास ‘आपण मांसाहार करता का’ असे आडून विचारण्याची, आणि मुसलमान उमेदवारास किंवा एकट्या राहू इच्छिणाऱ्या मुलीस ‘जागा कालच गेली’ असे सांगण्याची रीत आपल्या सुशिक्षित गृहसंस्थांत अजून मजेत नांदते आहे. ‘राहायचे कुठे’ हा प्रश्न ज्यांना केवळ सोयीचा वाटतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की कित्येकांच्या बाबतीत त्याचे उत्तर दुसऱ्यानेच परस्पर देऊन टाकलेले असते.

आता जवळच्या घराचा हिशेब पाहू. समजा, दूरच्या वस्तीत भाडे दरमहा ६,००० रुपयांनी कमी आहे, परंतु जाण्यायेण्यात दररोज अडीच तास मोडतात; कामाजवळच्या घरातून हेच काम अर्ध्या तासात होते. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले, तर फरक ४४ तासांचा पडतो, म्हणजे दूर राहणारा मनुष्य आपला एकेक तास सुमारे १३६ रुपयांना विकतो. त्याचा पगार ५०,००० रुपये असेल, तर आठ तासांच्या दिवसाप्रमाणे त्याची कंपनी त्याच तासाला सुमारे २८४ रुपये देते. तेव्हा स्वतःचा वेळ तो मालकाला ज्या दराने देतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी दराने तो रस्त्याला देतो, आणि वर इंधनाचा खर्च स्वतःच सोसतो. खराडीहून हिंजवडीचे अंतर नकाशावर पंचवीसेक किलोमीटर दिसते; परंतु वाटेवरच्या भूमकर चौकात पावसाळ्यातल्या सोमवारी सकाळी अडकलेल्या माणसाला किलोमीटर या मापाचा काही उपयोग नसतो. म्हणून घर ठरवण्यापूर्वी रविवारी दुपारी मोटारीतून फेरफटका मारण्यापेक्षा, कामाच्या दिवशी कामाच्या वेळी, ज्या वाहनाने रोज जायचे त्याच वाहनाने एकदा जाऊन यावे. दलालाच्या दहा आश्वासनांपेक्षा ही एक फेरी अधिक प्रामाणिक असते.

नांदत्या वस्तीचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. शहराची हद्द कागदावर एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी मात्र अधिसूचनेने येत नाही. २०२१ साली वाघोली, पुण्याजवळचे नांदेड, किरकटवाडी, सूस, म्हाळुंगे यांसह २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. पण त्यांतील कित्येक भागांत नव्या इमारतींची तहान टँकरवरच भागवावी लागते, आणि जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगत नांदेड-किरकटवाडी परिसरात गुइयाँ-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. खुद्द हिंजवडी-माणचा परिसर, जिथे लाखो माणसे रोज कामाला येतात, तो ग्रामपंचायत, औद्योगिक विकास महामंडळ आणि महानगर प्रदेश प्राधिकरण यांच्या कारभारात वर्षानुवर्षे असा विभागलेला राहिला, की रस्त्यावर पाणी तुंबल्यास अर्ज कोणत्या दप्तरी द्यावा, हेच रहिवाशाला उमगू नये. जुन्या वस्त्याही निर्दोष नाहीत. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणाच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले, ती काही रानात वसलेली वसाहत नव्हती. परंतु नांदत्या वस्तीत एक सोय असते: तिथले दोष सर्वांना ठाऊक असतात, आणि विचारल्यास कोणी लपवत नाही. इस्त्रीवाला, किराणा दुकानदार आणि इमारतीचा रखवालदार या तिघांना पाणी किती वेळ येते, वीज किती वेळा जाते आणि मागच्या पावसाळ्यात काय झाले, हे प्रश्न विचारले, तर सदनिकेच्या रंगीत माहितीपत्रकात न सापडणारे उत्तर पाच मिनिटांत मिळते. जवळ दवाखाना आहे काय, रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला बसथांब्यापासून दारापर्यंत उजेडातून चालत येता येते काय, आणि रविवारी सकाळी चहा प्यायला व वर्तमानपत्र वाचायला बसावे अशी एखादी जागा आहे काय, या गोष्टींचाही भाड्याइतक्याच गांभीर्याने विचार व्हावा. कारण एकटेपणाचा उपद्रव पहिल्या सहा महिन्यांतच अधिक होतो.

भाड्याच्या घराच्या बाबतीत कायद्याने नवागताची बाजू बरीच सावरलेली आहे, फक्त ती त्याला ठाऊक नसते. अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणीची जरूर नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक भाडेकरार, मग तो अनुज्ञप्तीचा (लीव्ह अँड लायसन्सचा) असला तरी, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींविषयी वाद निर्माण झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अनामत किती, ती किती दिवसांत परत मिळणार, रंगकामाचे पैसे कोणी द्यायचे आणि मुदतीपूर्वी जागा सोडल्यास सूचना किती दिवसांची द्यायची, या चार गोष्टी त्या कागदावर आल्या, की निम्मे तंटे जन्मालाच येत नाहीत.

येथवरची सारी जबाबदारी मी नवागतावर टाकली. पण ती सर्वस्वी त्याचीच आहे असे मी मानत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना काढला, तेव्हा कारखान्याबरोबर वसाहतही उभी केली, आणि तिचे नाव किर्लोस्करवाडी झाले. वालचंदनगरातही साखर कारखान्याच्या सोबत घरे, शाळा आणि दवाखाना आला. स्वातंत्र्यानंतर पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, तेव्हा कामगारांची वसाहत तिच्या शेजारीच वसली. माणूस कामाला बोलवायचा, तर त्याच्या निवाऱ्याची तजवीज आपण केली पाहिजे, असे त्या पिढीच्या उद्योजकांना वाटत होते, आणि त्यात त्यांचा स्वार्थ असला तरी तो दूरदर्शी स्वार्थ होता. मालकाच्या घरात राहिलेला कामगार संपाच्या वेळी मालकाच्या मुठीत असतो, हे खरे. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी परत आणावी असे मी म्हणणार नाही. पण शेकडो नव्या माणसांना एकाच आठवड्यात रुजू व्हायला सांगणाऱ्या आस्थापनेने त्यांना पहिले दोन महिने माफक दरात राहण्याची सोय द्यावी, म्हणजे घाईने घर घेण्याचा प्रसंग येणार नाही, ही अपेक्षा फार मोठी नाही. आणि उद्योगांना भूखंड देताना शासनाने भाड्याच्या घरांसाठी व नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांसाठी जागा राखून ठेवण्याची अट घालावी, हीही नाही.

राहता राहिला तो आपल्या मध्यमवर्गाचा सर्वांत लाडका आक्षेप, की भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. त्यापेक्षा हप्ता भरावा, निदान भिंती तरी आपल्या होतील. ज्याचे आईवडील सोबत येणार आहेत, ज्याची मुले शाळेत जाणारी आहेत, किंवा ज्या जोडप्यातील एकाची नोकरी हिंजवडीला आणि दुसऱ्याची हडपसरला आहे, त्यांचा हिशेब निराळा असेल, आणि त्यांनी मध्यावर कुठेतरी तडजोड करावी हे मला मान्य आहे. परंतु एकट्या नवागताने पहिल्याच वर्षी वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घ्यावे, आणि तेही अशा नोकरीच्या भरवशावर, जिचे कार्यालय तीन वर्षांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईल की दुसऱ्याच शहरात, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, याला मी काटकसर म्हणायला तयार नाही. पहिल्या वर्षीचे भाडे हे शहर समजून घेण्याची फी आहे. ती न भरता जे घर विकत घेतात, त्यांपैकी पुष्कळांना पुढे तीच फी हप्त्यांच्या रूपाने, व्याजासह, कितीतरी अधिक काळ भरावी लागते. वर्षभर शहरात चालून, बसने हिंडून, एक उन्हाळा आणि एक पावसाळा तेथे काढून ज्याला एखाद्या वस्तीचे गुणदोष कळले, त्याने तेथे खुशाल घर घ्यावे. तोवर दोन खोल्या, नोंदवलेला करार आणि पायी अंतरावरचे कार्यालय एवढ्यावर त्याने संतुष्ट राहावे.