हक्काचा कागद आणि परक्याची लेखणी

1884 सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईस परळ भागात गिरणी-कामगारांची सभा भरली होती. ती भरविणारे नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे पुढारी व 'दीनबंधु' पत्राचे चालक. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज त्या वेळी झाला, त्यातील आठवड्याच्या सुट्टीची मागणी सर्वांच्या ध्यानात आहे. 1890 साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, ती मात्र लोक विसरले. कामावर असता दुखापत झाली तर बरा होईपर्यंत कामगारास मजुरी मिळावी, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. तेव्हा अधू माणसाचे अनुदान ही कोणा मायबाप सरकारला आलेली दया नव्हे. आपल्याच वाडवडिलांनी घामाच्या जोरावर मांडलेला तो हक्क आहे. वाचकांनी एवढे आधी पदरी बांधावे, मग पुढे वाचावे.

गिरणीचा पट्टा मुंबईत होता. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मळणीयंत्राचा पट्टा आहे. सोयाबीनच्या हंगामात रात्रंदिवस यंत्र चालते, माणूस पेंगतो, आणि क्षणात हात जातो. विहिरीवर मोटारीचा शॉक बसतो. लोहाराच्या डोळ्यात ठिणगी उडते, गवंडी पराचीवरून पडतो. शिवाय जन्मतःच बहिरे, मुके, आंधळे, मतिमंद असे लेकरू कोणाच्याही घरी येते. अशा घरी शेजारीपाजारी पहिली कोणती गोष्ट सांगतात? "पूर्वजन्मीचे पाप फेडतो आहे!" आम्ही विचारतो, यंत्राला झाकण बसविले नाही हे कोणाच्या पूर्वजन्मीचे पाप? ज्यास आपले दुःख हीच शिक्षा वाटू लागली, तो हक्क मागावयास उठेल कसा? वेड लागलेल्या माणसाला सैलानीच्या दर्ग्यावर आणणारी कुटुंबे दूरदूरहून आमच्या जिल्ह्यात येतात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. परंतु मनाचा आजार हाही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांपैकी एक आहे, त्यास डॉक्टर आहे आणि दाखलाही आहे, हे त्या कुटुंबास कोणी सांगावे?

सरकारने अपंगास 'दिव्यांग' असे गोड नाव दिले. नाव गोड झाले, वाट मात्र खडतरच राहिली. तोल न सावरणारा मनुष्य तालुक्याच्या कचेरीचे जिने चढतो. आंधळ्यास भिंतीवरची सूचना वाचावयास सांगतात. बहिऱ्याचे नाव पुकारतात आणि तो आला नाही म्हणून पुढचा बोलावतात. एका दिवसाच्या फेरीत एक नव्हे, दोन मजुऱ्या बुडतात, कारण सोबत कोणीतरी लागतेच. मग फाटकापाशी उभा असलेला कोणी पुढे येतो व म्हणतो, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता? एवढे द्या, काम होऊन जाईल."

हा मनुष्य नवा नाही. जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच दुखण्यावर. कुणब्यास अक्षर येत नाही म्हणून कारकुनाने लिहावे आणि कुणब्याने अंगठा उठवावा, हीच त्या काळची गुलामगिरी. वऱ्हाडात ती लेखणी पटवाऱ्याच्या कानावर होती. आज ती कोणा एका जातीच्या हाती राहिलेली नाही. आम्हांस लाज वाटते ती याची की, आमच्याच घरचे शिकलेले पोर आता आमच्याच आंधळ्या चुलत्याचा अर्ज भरण्याचे पैसे घेते! भटाची दक्षिणा बंद केली, म्हणून आपल्या मुलांना दक्षिणा चालू करावी काय? लेखणी परक्याची ठरते ती जातीने नव्हे, तिच्यामागच्या लोभाने.

म्हणून सरळ वाट कोणती, ती येथे देतो. घरातील वाचणाऱ्याने ही मोठ्याने वाचून दाखवावी.

पहिला कागद म्हणजे अपंगत्वाचा दाखला व त्याबरोबरचे ओळखपत्र. त्याचा अर्ज स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर करावयाचा असतो. त्यास सरकारचे शुल्क एक पैसाही नाही. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा व उपचाराचे कागद जवळ ठेवावे. अर्जाचा क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवावा. क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेला पतंग. पुढे सरकारी रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींना 40 टक्के अपंगत्व लागते. टक्केवारी चुकीची ठरविली असे वाटल्यास त्यावर अपील करण्याचा हक्क 2016 च्या कायद्यानेच दिला आहे. टक्के वाढवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी मुळीच लागू नये. खोट्या दाखल्यास त्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. आणि एकाच्या खोटेपणामुळे दहा खऱ्यांकडे संशयाने पाहिले जाते.

दुसरा अर्ज संजय गांधी निराधार अनुदानाचा, तो तहसील कचेरीत. ही योजना 1980 सालची. महिन्याचे 1500 रुपये मिळत होते. दिव्यांगांसाठी ते 2500 करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2025 च्या सप्टेंबरात घेतला. अर्ज देताच पोच घ्यावी. पोच मागणे हा उद्धटपणा नव्हे. महिनोन्महिने उत्तर नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जाने 'माझ्या अर्जाचे काय झाले' असे विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीस भाग आहे. आणि एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते: 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अपंग मनुष्यास, त्याचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याची समिती यांच्याकडे जावे, अथवा 15100 या क्रमांकावर बोलावे. दलालाला देण्याचे पैसे खिशातच राहतील.

आता सरकारास दोन शब्द. या अनुदानासाठी दिव्यांगाच्या कुटुंबास वर्षाला 50,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा ठरविण्यात आली. हिशेब करा: घरात पाच माणसे धरली तर माणशी दिवसाला सत्तावीस रुपये. एवढ्यात एक वेळची भाकरी-भाजी तरी होते काय? खरे उत्पन्न लिहिले तर अनुदान जाते, खोटे लिहिले तर इमान जाते. गरिबास खोटे बोलावयास लावणारी अट गरिबाची नव्हे, ती दलालाच्या सोयीची. दुसरे असे की, गोपीनाथ मुंडे यांच्या नावे जी शेतकरी अपघात योजना आहे, तीत एक हात वा एक डोळा गेल्यास एक लाख, दोन्ही गेल्यास दोन लाख मिळतात. पण ते सातबाऱ्यावरच्या खातेदारास व त्याच्या घरच्या एकास. त्याच यंत्रावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराचा हात गेला तर? हात दोघांचा सारखाच, रक्तही सारखेच. सातबारा नसलेल्याचा हात सरकार किती किमतीचा धरते, हे त्याने एकदा सांगून टाकावे.

पण सरकारकडे पाहत बसण्यापुरताच आपला धर्म नाही. 1855 साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती कोणाच्या अनुदानाची वाट पाहून नव्हे. जोतीरावांचे चरित्र 1927 साली लिहिणारे पंढरीनाथ पाटील आमच्याच चिखलीकडचे. त्यांच्या जिल्ह्यात एवढे तरी व्हावे: प्रत्येक गावी दोन शिकलेल्यांनी, त्यांत एक मुलगी असावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर बसावे आणि येईल त्याचा अर्ज फुकट भरून, वाचून दाखवून, पोच त्याच्या हाती द्यावी. जो चालू शकत नाही त्याच्या घरी जावे. जत्रेच्या वर्गणीतून एका अपंगाचे व त्याच्या सोबत्याचे बुलढाण्यापर्यंतचे भाडे काढावे. देव रागावणार नाही.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, ज्याचा हात यंत्रात गेला त्यास आपण आपला हात देणार नसू, तर आपण कोणत्या तोंडाने स्वतःस बहुजन म्हणवितो? हे पत्र वाचून झाल्यावर गुंडाळून ठेवू नका. आपल्या आळीत असे कोण आहे ते आठवा, आणि आजच त्याच्या दारी जाऊन विचारा, "दाखला झाला काय?"