गाडी सोडवा, पण चावी?

रविवारी सकाळी वस्तीतली एखादी बहीण आमच्या दारात येते. "ताई, हे पिऊन चालवत होते, रिक्षा पोलिसांनी नेली. कुणाला पैसे देऊ?" कुणालाच नको. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली की कलम १८५ चा खटला कोर्टातच चालतो. दलालाच्या हातात तो मिटत नाही. आरसी, लायसन्स, विमा घेऊन कोर्टात जा, दंडाची पावती घ्या, ती दाखवून गाडी मागा. खटला लांबला तर मालकाला सुपूर्दनाम्यावर गाडी मागता येते. महिलांना आणि अनुसूचित जातींना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, तो मागून घ्या.

आमचा वाद पुढे आहे. हप्ता थकतोय म्हणून गाडी आली त्याच दिवशी चावी त्याच्या हातात जाते. रोज पिणाऱ्याने धसक्याने एकदम सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते. वॉर्डात असे पेशंट आम्ही धरून ठेवले आहेत. त्याच्या हाती शाळेच्या पोरांची रिक्षा द्यायची? तो कोठडीत असेल तर "रोज पितो" हे पोलिसांना, डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाज धरू नका. (लिंबूपाण्याने रक्तातली दारू उतरत नाही, तेही एकदा ऐका.) सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. तोवर लायसन्स-बॅज असलेल्या दिराने रिक्षा चालवावी. नसेल कुणी, तर चार दिवस उभी राहू द्या.