सील न फोडलेला डबा

जबलपूर आणि टेलिफोन यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, या शहरात तारटेलिफोन खात्याचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. देशाच्या कानाकोपऱ्यातले इंजिनिअर इथे येऊन एक्स्चेंजचे आणि केबलचे धडे गिरवून गेले. राइट टाउनमध्ये टेलिफोन खात्याचा स्वतःचा कारखाना होता. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, व्हेइकल फॅक्टरी यांच्या जोडीने जी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येऊन इथे कायमची स्थायिक झाली, त्यांच्यातही टेलिफोनवाले होतेच.

त्याच शहरातल्या पोरांना आज टेलिफोनचे वेगळेच ज्ञान अवगत आहे. मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये एक चक्कर मारली की ते कानावर पडते. कोणता फोन कोणत्या तारखेला बाजारात येणार, कोणत्या बँकेच्या कार्डावर किती सूट, कोणत्या रंगाला जास्त मागणी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डबा सीलबंद आहे ना? फोन ॲक्टिव्हेट झालेला नाही ना? आत काय आहे याच्याशी या मंडळींना फारसे देणेघेणे नसते. फोन त्यांना वापरायचा नसतोच, तो विकायचा असतो.

टंचाईतून नफा काढण्याची ही विद्या काही नवी नाही. बजाजची स्कूटर नोंदवून दहा-दहा वर्षे वाट पाहणारी पिढी अजून आपल्या घरात आहे. १९७२ साली चेतक आली. लायसन्स राजमुळे कारखान्याला हवे तितके उत्पादन काढायची मुभा नव्हती. मग नंबर लागला की काहीजण स्कूटर घरी न आणता तसाच नंबर विकून टाकत आणि वरचे पैसे खिशात घालत. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर रांगेशिवाय स्कूटर मिळे. 'आमच्याकडे अमेरिकेचा भाऊ आहे' या वाक्याला त्या काळी जे वजन होते, त्याचे एक कारण हेही होते. टेलिफोनचे तेच. व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहिण्यात कुणालाही कमीपणा वाटत नसे.

फरक एवढाच की तेव्हाची टंचाई सरकारी धोरणातून आली होती, आजची बऱ्याचदा कंपनी स्वतःच घडवते. जुलै २०१४ मध्ये शाओमी या चिनी कंपनीने एमआय थ्री हा फोन भारतात आणला, किंमत १३,९९९ रुपये, आणि तो मिळणार फक्त फ्लिपकार्टवर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ५,९९९ रुपयांचा रेडमी वन एस आला. त्याचे चाळीस हजार नग पाच सेकंदांच्या आत संपल्याचे तेव्हा जाहीर झाले. पाच सेकंद! एवढ्या वेळात तर मध्यमवर्गीय माणसाचा पासवर्डही टाइप होत नाही. ज्यांच्या घरी तीन संगणक, वेगवान इंटरनेट आणि चपळ बोटे, त्यांना फोन मिळाले. बाकीच्यांना तेच फोन थोडे जास्त पैसे मोजून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाले. दुकानदाराकडे ते कुठून आले, हे विचारण्याचे कारण नव्हते. हौसेने दोन-तीन फोन मिळवणाऱ्या मुलांना पहिल्यांदाच उमगले की आपल्या चपळ बोटांना बाजारभाव आहे.

आता हा धंदा बराच मुरला आहे. त्याचे गणित साधे आहे. समजा, एका फोनची किंमत ३०,००० रुपये आहे आणि विशिष्ट बँकेच्या कार्डावर ३,००० रुपये सूट आहे. मुलगा तो २७,००० ला घेतो आणि दुकानदाराला २८,००० ला देतो. दुकानदार तो २९,५०० ला विकतो. गिऱ्हाइकाला पाचशे वाचल्याचा आनंद, दुकानदाराला दीड हजार, मुलाला एक हजार. पण एका माणसाला एकच फोन असा नियम असतो. मग बाबांचे कार्ड, मावशीचे खाते, आत्याच्या घरचा पत्ता आणि मित्राच्या आजीचा मोबाइल नंबर कामाला लागतात. दसऱ्याच्या आधीच्या सेलमध्ये कुरिअरवाला एकाच आळीत इतक्या वेळा येतो की त्याला घरोघरचा चहा ओळखीचा होतो.

वर्षातून एकदा, सप्टेंबरात, या बाजाराला उधाण येते. ॲपलचा नवा आयफोन येतो तेव्हा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दुकानाबाहेर आदल्या रात्रीपासून रांग लागते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तिथे धक्काबुक्कीही झाली आणि ती साऱ्या देशाने दूरदर्शन संचावर पाहिली. रांगेतले सगळेच आयफोनचे भक्त असतात असे समजायचे कारण नाही. काहींच्या मागे व्यापारी असतो, आणि रात्रभर उभे राहण्याची मजुरीही ठरलेली असते. जबलपूरला ॲपलचे स्वतःचे दुकान नाही. मग मुंबई-हावडा मार्गावरच्या कुठल्याशा गाडीने कुणाच्या तरी सॅकमधून चार डबे उतरतात, आणि ज्याला नवा रंग पहिल्या आठवड्यातच हवा असतो, तो त्यासाठी वाढीव पैसे मोजतो.

इथे कायद्याची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. डब्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेण्याचा अधिकार कोणत्याही किरकोळ दुकानदाराला नाही. वजनमापे कायद्याखालचे नियम तसे स्पष्ट सांगतात. दुधाच्या पिशवीवर एक रुपया जास्त घेतला तर आपण भांडतो, पण आयफोनवर पाच हजार जास्त दिले तर चारचौघांत अभिमानाने सांगतो. गंमतच आहे!

ॲक्टिव्हेशन या शब्दाभोवती हा सारा बाजार फिरतो. नवा फोन उघडून त्यात सिम घातले, इंटरनेटशी जोडला की त्याची नोंद कंपनीकडे होते आणि अनेक कंपन्यांच्या बाबतीत वॉरंटीचे वर्ष त्या दिवसापासून मोजले जाते. म्हणून सीलबंद डब्याला पूर्ण भाव. एकदा चालू केलेल्या फोनला, तो तासभरच चालू असला तरी, कमी भाव. नव्या नवरीचा गृहप्रवेश आधीच दुसऱ्या घरी होऊन गेल्यासारखे ते असते. फेरविक्री रोखण्यासाठी अनेक अधिकृत दुकाने आता गिऱ्हाइकासमोरच डबा उघडून फोन चालू करून देतात. ऑनलाइन कंपन्यांचा डिलिव्हरीवालाही कित्येकदा दारातच पाकीट फोडून दाखवतो. ही सोय आहे ग्राहकाची, पण नफेखोराच्या कपाळावर आठ्या चढतात.

उलटा प्रकारही घडतो. कंपनीने विक्रेत्याला महिन्याचे लक्ष्य दिलेले असते आणि विक्री मोजली जाते ती ॲक्टिव्हेशनवरून. महिनाअखेर आकडा भरत नसला की काही ठिकाणी विक्रेताच फोनमध्ये सिम घालून तो चालू करतो, बंद करतो, डबा नीट चिकटवतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी तो नवा म्हणून विकला जातो. गिऱ्हाइकाला वॉरंटीचे नऊ महिनेच मिळतात, आणि ते कळते पडदा बिघडल्यावर.

या ॲक्टिव्हेशनची सर्वांत रंजक कहाणी पहिल्या आयफोनची आहे. २९ जून २००७ रोजी तो अमेरिकेत विक्रीला आला, पण तिथल्या एकाच टेलिफोन कंपनीच्या जोडणीवर चालेल अशा कुलपासह. ऑगस्ट संपायच्या आत न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने ते कुलूप उघडून दाखवले. मग भारतात हिरापन्नापासून पालिका बाजारापर्यंत कुलूप तोडलेले आयफोन मिळू लागले. अधिकृतपणे आयफोन इथे आला २२ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे वर्षभराने. आठ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये. आजही अमेरिकेतला मुलगा किंवा जावई येताना फोन आणतो तेव्हा आधी विचारून घ्यावे, तो तिथल्या कंपनीला बांधलेला तर नाही? २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिम घालायची खाचच नसते. इथे आल्यावर सासरेबुवा सुई घेऊन खाच शोधत बसतात.

आता घरच्या माणसांनी लक्ष द्यावे असा भाग. मुलाच्या हाती महिन्याला आठ-दहा हजार येतात, तो शिकवणीची फी स्वतः भरतो, आईला साडी आणतो. कौतुक वाटते, वाटायलाही हवे. पण बाबांच्या कार्डावरून वर्षभरात किती रकमेचे फोन गेले, याचा हिशेब क्वचितच कुणी मांडतो. एका आर्थिक वर्षात क्रेडिट कार्डाचे दहा लाखांवर बिल भरले गेले की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या, महिन्याकाठी पेन्शन घेणाऱ्या गृहस्थांना एक दिवस विचारणा होते की एवढा खर्च कशातून केला? व्यवहार प्रामाणिक असला तरी त्याचे कागद कुठे आहेत? पैसे मुलाला रोख मिळाले, दुकानदाराने चिठ्ठीवर हिशेब दिला. शिवाय कार्ड वैयक्तिक वापरासाठी आहे, व्यापारासाठी नाही, ही बँकेची अट असते. कार्ड बंद होते, ऑनलाइन खाते गोठते, ऑर्डर रद्द होते आणि परताव्याचे पैसे येईपर्यंत बिलाची तारीख उलटून जाते.

धोका मालाचाही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये नवा आयफोन येताच आधीच्या मॉडेलची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. ज्याच्या कपाटात त्या दिवशी जुने पाच डबे होते, त्याची वर्षाची कमाई एका संध्याकाळी गेली.

याहून काळजीचा प्रकार हप्त्यांचा. भोळ्याभाबड्या माणसाला, कधी घरकाम करणाऱ्या बाईला, गाठायचे. तिच्या आधार कार्डावर हप्त्याने फोन उचलायचा, तिच्या हाती हजार-दोन हजार टेकवायचे आणि 'हप्ते आम्ही भरू' असे सांगून डबा विकून टाकायचा. पहिले दोन हप्ते भरले जातात. तिसऱ्यापासून वसुलीवाला तिच्या दारी उभा राहतो. दुसरीकडे तो फोन विकत घेतलेल्याची गत अशी की कर्ज देणाऱ्या कंपनीने दुरूनच फोनला कुलूप घातलेले असते. फसले दोघेही, आणि मधला सुटला.

सिम कार्डाच्या बाबतीत तर कायदा आता फार कडक आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातले पहिले मोबाइल संभाषण केले, तेव्हा मोबाइल ही श्रीमंतांची चैन होती. २००३ मध्ये रिलायन्सच्या 'मान्सून हंगामा'ने ५०१ रुपयांत फोन हाती दिला आणि पुढे सिम कार्डे पानाच्या टपरीवर मिळू लागली. आधीच चालू केलेली, कुणाच्या तरी नावाची सिमे सर्रास विकली जात. त्यातली कित्येक गुन्हेगारांच्या हाती गेली. १ डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी सक्तीची झाली. दूरसंचार कायदा, २०२३ प्रमाणे फसवणूक करून किंवा दुसऱ्याचे सोंग घेऊन सिम मिळवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून 'फक्त फोन चालू करून बघायला तुझ्या नावाचे एक सिम दे' अशी गळ दुकानदाराने घातली, तर मुलाने तिथेच हात जोडावेत. आपल्या नावावर किती सिमे चालू आहेत, हे सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहता येते. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात ही मर्यादा नऊ आहे. घरातल्या आजी-आजोबांच्या नावानेही एकदा पाहून घ्यावे.

आणि ज्यांना असा फोन घ्यायचाच आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी दुकानातच चार गोष्टी कराव्यात. बिल कुणाच्या नावाचे आहे, ते पाहावे. तिऱ्हाइताच्या नावाचे असेल तर दुकानदाराकडून स्वतःच्या नावाचे, १८ टक्के जीएसटी दाखवणारे बिल मागावे. फोनवर *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तोच क्रमांक 'केवायएम' या तीन रोमन अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर संदेश पाठवला की फोन चोरीचा म्हणून नोंदलेला आहे का, ते कळते. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी कधी संपते, ते पाहावे. आजपासून वर्षभराची दिसली नाही तर डबा आधी कुणीतरी उघडला आहे. फोन सुरू केल्यावर जुन्या मालकाचे खाते मागू लागला, तर तो तसाच परत करावा, कारण त्या खात्याशिवाय तो केवळ काचेचा तुकडा आहे. दुकानदार यातल्या एखाद्या गोष्टीला टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्याच्यासमोरच फिरवायला हरकत नाही. जबलपूरला त्यावर हिंदीतून बोलता येते, पुण्या-नागपूरकडच्यांना मराठीतून.