उंचीचा हव्यास

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर अशी गाडी आता रोज दिसते. थार, स्कॉर्पिओ, क्वचित एखादी जुनी जीप. मूळ बांध्यापेक्षा वीतभर उंच, चाकं अंगाबाहेर आलेली, काचेवर आडनाव नाहीतर नेत्याचा फोटो. आपण कौतुकाने मान वळवतो. गाडी कोणाच्या मुलाची, एवढी चौकशी करतो. ती उंच करताना तिचं काय बिघडवलं, हे विचारायचं मात्र आपल्याला सुचत नाही. या न सुचण्याबद्दलच मला बोलायचं आहे, आणि ज्यांना सुचत नाही त्यांत मीही आहे.

उंचीला मान देण्याची ही खोड आपल्याला वारशाने मिळाली. गावातल्या गढीसमोरून जाताना खालच्या मानलेल्या माणसाने वहाणा हातात घ्याव्यात, त्याच्या नवरदेवाने घोड्यावर बसून वेशीतून जाऊ नये, ही रीत आपल्याच वाडवडिलांनी चालवली. गढ्या ढासळल्या, पण वर बसलेल्याने खाली पाहायचं नसतं आणि खालच्याने बाजूला व्हायचं असतं, ही समजूत आपण जपून ठेवली. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवरस्त्यावर उंच गाडीची गरज खरी असते, हे मी नाकारत नाही. पण तिथे कारखान्यातून आलेली उंची बहुधा पुरते. वाढवलेली उंची मिरवते ती वरातीत, ताफ्यात आणि शिकवणीच्या वर्गांसमोरच्या रस्त्यावर.

ही उंची येते कशी, ते गॅरेजात उभं राहून पाहावं. २०१० साली आलेल्या थारच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बार असतो. मिस्त्री पान्याने त्याचा बोल्ट आवळतो आणि गाडीचं नाक वर येतं. नव्या थारमध्ये स्प्रिंगवर स्पेसर बसवतात, जुन्या जीपला लांब शॅकल लावतात किंवा पाटे वाढवतात. बाहेरून काही मोडलेलं दिसत नाही. थारच्या आत मात्र चाक धरणारा खालचा आर्म जमिनीकडे झुकतो आणि त्याबरोबर चाक वळवणारा टायरॉडही तिरका होतो. ज्या कोनात बॉल जॉइंटने फिरायचं असतं तो कोन संपत आलेला असतो, ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट ताणून फाटतं आणि आत धूळ शिरते. कॅस्टर म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्या आसाचा मागचा कल. तो घटला की वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि वेगात गाडी रस्ता हुंगत चालते. सगळ्यांत घातक गोष्ट टायरॉडची. तो आणि आर्म एकाच कमानीत वरखाली झाले पाहिजेत. कमानी जुळेनाशा झाल्या की खड्ड्यात चाक वर उचललं जाताना हात स्थिर असूनही आपोआप वळतं. मालक सांगतो, अलाइनमेंट करून आणली आहे. पण ते यंत्र उभ्या गाडीचं माप घेतं. खड्ड्यातून जाताना चाक किती वळेल, हे त्यात उमटत नाही. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा रोख, जुळवता येतो, तिरका झालेला टायरॉड त्याने सरळ होत नाही.

शिवाय दोन चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागलं की गाडी उलटण्याची मर्यादा कळते. उंची वाढली की ती मर्यादा खाली येते. हे शाळेतलं गणित आहे, आणि ज्या लातूरने आपल्या परीक्षा-पॅटर्नचा अभिमान देशभर मिरवला, तिथल्या बापांना ते कोणी समजावून सांगावं लागू नये. पण गाडी उंच करायला पैसे तेच देतात. मोठ्या टायरमुळे ब्रेकला जादा जोर लागतो, बॉनेटसमोर उभं असलेलं लेकरू काचेतून दिसत नाही, दिव्यांचा झोत समोरच्या दुचाकीस्वाराच्या थेट डोळ्यांत शिरतो. उसाच्या हंगामात रात्री याच रस्त्याने तोडणी कामगारांच्या बैलगाड्या चालतात. हौस मालकाची असते. स्टेअरिंगवर पुष्कळदा पगारी ड्रायव्हर असतो, आणि धडकेत सापडणाऱ्याला तर या हौसेची गंधवार्ताही नसते. एवढी विषम वाटणी आपण अपघात या एका शब्दाखाली झाकून टाकतो.

कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती मनाई ठामपणे उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड ठेवला. तरी गाडी चौकातून जाते, कारण तिला अडवणाऱ्याला फोन येईल हे आपल्याला माहीत असतं आणि त्या फोनची ताकद आपल्याला हवीहवीशी वाटते.

वर चढवलेला भार खालच्याला मारतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्याला दाखवलं. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आपण भक्कम घर म्हणत आलो, त्यानेच आपली माणसं पुरली. त्यानंतर आपण शिकलो. भिंतींत काँक्रीटचे पट्टे आले, छपरं हलकी झाली, आणि माळवद सोडताना कोणाची अब्रू गेली नाही. गाडीचं तर त्याहून सोपं आहे. स्पेसर काढायचे, आवळलेला बोल्ट मागे फिरवायचा, मूळ मापाचे टायर चढवायचे, फाटलेलं बूट आणि झिजलेले बॉल जॉइंट बदलायचे आणि मग अलाइनमेंट करायची. बापाने या कामाला पैसे द्यावेत, उंची वाढवायला देऊ नयेत. मिस्त्रीने पान्याला हात लावण्याआधी टायरॉडचा कोन मालकाला खाली वाकून पाहायला लावावा. वरातीसाठी गाडी ठरवताना तुम्ही-आम्ही ती उंचावलेली आहे का, हे विचारावं आणि असेल तर दुसरी सांगावी.