काजूची खतमात्रा उसनी नको

काजूच्या झाडाला खत लागत नाही, हा समज आजही अनेक गावांत दृढ आहे. त्याला इतिहासाचा आधार आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलमधून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि पुढे दीर्घकाळ त्याची लागवड मुख्यतः उतारावरील मातीची धूप थांबविण्यासाठी होत राहिली. निकृष्ट जमिनीत तग धरणारे झाड म्हणून त्याची ख्याती झाली. परंतु तग धरणे आणि भरघोस फळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दरवर्षी बी आणि बोंडांबरोबर अन्नद्रव्ये बागेबाहेर जातात. ती परत न मिळाल्यास उत्पादन घटत जाते.

छत्तीसगडमध्ये हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. रायपूर येथे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या अंतर्गत, रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटरवरील जगदलपूर येथे काजूवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. बस्तरच्या पठारावरील ज्या उंचवट्याच्या, मुरमाड जमिनीला स्थानिक लोक 'मरहान' म्हणतात, तेथे भाताचा भरवसा नसतो. अशा जमिनीवर काजू हे आदिवासी शेतकऱ्याच्या हाती उन्हाळ्यात रोकड देणारे पीक ठरते. म्हणूनच खतावरील त्याचा प्रत्येक रुपया योग्य ठिकाणी पडला पाहिजे.

मात्र योग्य मात्रा कोणती? पूर्ण वाढलेल्या झाडासाठी महाराष्ट्रात प्रतिवर्षी १००० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद व २५० ग्रॅम पालाश अशी शिफारस रूढ आहे. केरळात ती ७५०, ३२५ व ७५० ग्रॅम आहे. पीक एकच, किनाराही एकच. तरीही पालाशाची मात्रा तिप्पट. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, शिफारस ही पिकाइतकीच जमिनीची आणि पावसाचीही असते. सात बाय सात मीटर अंतरावरील बागेत हेक्टरी सुमारे २०० झाडे बसतात. झाडाला १००० ग्रॅम नत्र युरियातून द्यायचे तर हेक्टरी सुमारे ४३५ किलो, म्हणजे ४५ किलोच्या साडेनऊहून अधिक गोण्या लागतात. ५०० ग्रॅम पुरेसे असेल, तर निम्म्या गोण्या वाया जातात. किनाऱ्यावरील आकडा पठारावर जसाच्या तसा लागू करणे म्हणजे ही जोखीम शेतकऱ्याच्या माथी मारणे होय.

आम्लधर्मी तांबड्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात, तर मुरमाड थरातून नत्र पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जाते. सेंद्रिय पदार्थ कमी असल्याने अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्तीही कमी असते. अशा ठिकाणी खत केव्हा, किती हप्त्यांत आणि कोठे दिले, हे मात्रेइतकेच महत्त्वाचे ठरते. ही उत्तरे प्रत्यक्ष बागेतील प्रयोगांतूनच मिळतात.

फळबागेतील प्रयोग मात्र भातखाचरातील प्रयोगासारखा एका हंगामात आटोपत नाही. बियांपासून वाढलेल्या जुन्या बागांत शेजारची दोन झाडेही उत्पादनात कमालीची भिन्न असतात. खताचा परिणाम या तफावतीत सहज हरवतो. म्हणून खत देण्यापूर्वी किमान एक-दोन हंगाम प्रत्येक झाडाची स्वतंत्र नोंद हवी आणि काही झाडे खताविना राखली पाहिजेत. नत्राने कोवळी पालवी वाढते आणि ढेकण्या नेमका तिच्यावरच येतो. किडीचे नियंत्रण सर्व झाडांवर सारखे नसेल, तर किडीचे नुकसान खताच्या खाती जमा होते. एका वर्षीचा मोहोर ढगाळ हवामानाने जळू शकतो. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावर शिफारस उभी करू नये.

एवढी वर्षे शेतकऱ्याने थांबावे काय, असा आक्षेप रास्त आहे. त्याने थांबण्याचे कारण नाही. माती परीक्षण करून घेणे, बागेतील पालापाचोळा न जाळता आळ्यात कुजविणे, मुसळधार पावसाचा काळ टाळून ओलाव्यावर खत देणे आणि ते खोडाशी न टाकता बुंध्यापासून दूर, वर्तुळाकार चरात मातीआड करणे, ही कामे याच हंगामात करता येतात. त्यांतील बहुतेकांना खर्चापेक्षा श्रमच अधिक लागतात.

विस्तार कार्यकर्त्याची खरी भूमिका येथे सुरू होते. संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्राबाहेर, शेतकऱ्यांच्या बागांत झाडनिहाय बियांचे वजन नोंदविणाऱ्या वह्या तयार झाल्या, तर त्या संशोधनाचा भक्कम पाया ठरतील. बस्तरला लागून असलेल्या गडचिरोलीतील कार्यकर्त्यांनीही याची दखल घ्यावी. प्रशासकीय नकाशा त्यांना कोकणाशी जोडतो. परंतु तेथे काजूची लागवड करायची असेल, तर वेंगुर्ल्याइतकेच जगदलपूरच्या निष्कर्षांकडेही पाहिले पाहिजे. मात्रा ठरविताना राज्याच्या सीमेपेक्षा बागेतील माती अधिक विश्वासार्ह मार्गदर्शक असते.