मुळा-प्रवराची वीज हातची गेली. आता गायरानावरच्या सौर प्रकल्पात गावाचं काय?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गावोगावी जागा बघणं चालू आहे. सब-स्टेशनच्या जवळ कुठे गायरान आहे, कुठे पडीक आहे, त्याचे नकाशे निघतात, ग्रामसभेत ठराव येतो, हात वर होतात. दिवसा लाईट मिळणार म्हटल्यावर विरोध कोण करणार? रात्री दोनला बॅटरी घेऊन बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला दिवसाची वीज म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पण या सगळ्या ठरावांत एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. गावाच्या जमिनीवर तयार होणाऱ्या विजेचा मालक कोण? हा प्रश्न आपल्या जिल्ह्याने तरी विचारायला हवा, कारण विजेची मालकी एकदा हातात येऊन गेलेला महाराष्ट्रातला जिल्हा म्हणजे आपलाच.

आज तिशीत असलेल्या पोरांना मुळा-प्रवरा म्हणजे नुसतं जुन्या बिलावरचं नाव वाटतं. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ मध्ये स्थापन झालं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या वीज सहकारी संस्थांचा नमुना समोर ठेवून देशात पाच ठिकाणी प्रयोग करायचं ठरलं. कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडीनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना आधीच उभा होता, त्यामुळे सभासद, भागभांडवल, संचालक मंडळ हे शब्द इथल्या माणसाला नवे नव्हते. श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि संगमनेर-नेवाशाचा काही भाग मिळून १८० च्या वर गावांना ही संस्था वीज द्यायची. खांब संस्थेचे, डीपी संस्थेचे, वायरमन संस्थेचा. डीपी जळाला तर संचालकाच्या दारात जाऊन भांडता यायचं. आज कंपनीच्या टोल फ्री नंबरला फोन लावून बसावं लागतं.

३१ जानेवारी २०११ ला संस्थेच्या परवान्याची मुदत संपली. वीज नियामक आयोगाने तो पुढे चालू ठेवला नाही आणि सगळे ग्राहक महावितरणकडे गेले. संस्थेकडे महावितरणची थकबाकी २ हजार कोटींच्या पुढे असल्याचं सांगितलं जात होतं. संस्थेला तो आकडा मान्य नव्हता. तारा-खांब वापरल्याच्या मोबदल्याचा वाद पुढे अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत गेला.

संस्था का बुडाली, यावर पारावर दोन उत्तरं मिळतात. एक, राजकारण्यांनी खाल्ली. दोन, लोकांनी बिलं भरली नाहीत, आकडे टाकले. दोन्हींत तथ्य नाही असं कुणी म्हणणार नाही. निवडणूक तोंडावर आली की वसुलीचा जोर ओसरतो, हे सहकारातलं उघड गुपित आहे. पण एवढ्यावर थांबलं तर खरं दुखणं राहून जातं.

ते दुखणं हिशेबात आहे. समजण्यापुरते आकडे धरू, हे खरे दर नव्हेत. संस्थेने मंडळाकडून १०० युनिट ३ रुपयांनी घेतले, म्हणजे ३०० रुपये झाले. लांबलांब लाईन, वाड्या-वस्त्या, जुने डीपी, थोडी चोरी, यात २५ युनिट गेले. उरलेल्या ७५ पैकी ५० युनिट शेतीपंपांना गेले, तिथे दर १ रुपया. २५ युनिट घरं, दुकानं, गिरण्यांना ५ रुपयांनी. सगळ्यांनी शंभर टक्के बिल भरलं, एक पैसा बुडवला नाही, तरी जमा होतात १७५. तूट १२५ रुपयांची. ही तूट दर महिन्याला पडत राहिली आणि वर व्याज चढत गेलं, तर दहा-वीस वर्षांत डोंगर होणारच.

मग महावितरणला ही तूट पडत नाही का? पडते. पण महावितरणकडे पुण्या-ठाण्याचे कारखाने आहेत, मॉल आहेत. त्यांना चढ्या दराने वीज विकून शेतीचा दर खाली ठेवता येतो. वीज खात्याच्या भाषेत याला क्रॉस सबसिडी म्हणतात. उरलेलं सरकार अनुदान म्हणून देतं. मुळा-प्रवराच्या हद्दीत ऊस होता, विहिरी होत्या, चारी होती, थोडीफार एमआयडीसी होती. चाकणसारखा पट्टा नव्हता. म्हणजे शेतीचा बोजा पुरा आणि तो उचलायला श्रीमंत ग्राहक नाही. अशा संस्थेला एक तर वीज स्वस्तात मिळायला हवी होती, नाहीतर अनुदान वेळेवर आणि पुरेसं. दोन्ही गोष्टी संस्थेच्या हातात नव्हत्या. वीज कितीला घ्यायची ते दुसऱ्याने ठरवायचं, कितीला विकायची तेही दुसऱ्याने ठरवायचं आणि मधली तूट मात्र सभासदांच्या नावावर. याला मालकी म्हणायचं की नुसती वसुलीची एजन्सी?

त्यात शेतीपंपाला मीटर नाही. बिल हॉर्सपॉवरवर. मीटर नसल्यावर शेतकऱ्याने किती वापरली, गळती किती आणि चोरी किती, हे सांगणार कोण? ज्याला जसं सोयीचं तसं तो सांगतो. हा घोळ आजही गेलेला नाही. गळती लपवायला शेतीचा वापर फुगवून दाखवतात, असा आक्षेप अभ्यासक महावितरणवरही वर्षानुवर्षे घेत आले आहेत. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत झाली. बिल शून्य आल्यामुळे आपल्या नावावर किती युनिट पडतात, हे बघायचंही लोकांनी सोडलं.

सगळ्याच संस्था बुडाल्या असंही नाही. हुक्केरी आपल्या गडहिंग्लजला लागून. तिथली संस्था अजून चालू आहे आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिची निवडणूक कत्ती आणि जारकीहोळी गटांत अशी काही रंगली, की आमदारकी फिकी पडावी. तेलंगणातलं सिरसिल्लाही चालू आहे. तिथेही संचालकांसाठी पक्ष उतरतात. राजकारण तिकडे कमी आहे म्हणून संस्था टिकल्या, हे काही खरं नाही.

ज्या अमेरिकेवरून हा नमुना घेतला, तिथे आजही ९०० च्या आसपास वीज सहकारी संस्था आहेत. १९३५-३६ मध्ये, खाजगी कंपन्या खेड्यात तार ओढायला तयार नव्हत्या तेव्हा, सरकारने स्वस्त कर्ज दिलं आणि शेतकऱ्यांनी संस्था काढल्या. पण त्यांनी पुढचं एक पाऊल टाकलं. अनेक वितरण संस्थांनी एकत्र येऊन स्वतःच्या वीजनिर्मितीच्या संस्था काढल्या. आपल्याकडे पाच संस्था पाच राज्यांत एकेकट्या राहिल्या आणि प्रत्येकीला वीज विकणारा एकच, तो म्हणजे तिथलं वीज मंडळ.

आता गायरानाकडे येऊ. परिस्थिती उलटी झाली आहे. तेव्हा वीज दुसरीकडून यायची, आता ती गावातच तयार होणार. एक मेगावॉटला साधारण चार एकर जागा लागते. जागा खाजगी शेतकऱ्याची असेल तर योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे चार एकराचे पहिल्या वर्षी दोन लाख. जिथे कुसळ उगवत नाही अशा माळाला हे पैसे वाईट नाहीत. जागा सरकारी असेल तर ती कंपनीला नाममात्र भाड्याने जाते आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं, असे १५ लाख. करार मात्र २५-३० वर्षांचा. चौथ्या वर्षापासून या खात्यातून गावाला काही नाही. गायरानावर शेळ्या चारणाऱ्यांचा तर या हिशेबात कुठेच पत्ता नाही.

त्याच एक मेगावॉटमधून वर्षाला सोळा लाखांच्या आसपास युनिट निघतात. तीन रुपयांच्या दराने ४८ लाख. हे ऐकून कुणीही म्हणेल, मग गावानेच काढावा की प्रकल्प! कायदा आडवा येत नाही. वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. पीएम-कुसुमच्या पहिल्या घटकात तर शेतकरी, शेतकरी गट, सहकारी संस्था, पंचायती, उत्पादक कंपन्या यांनी पडीक जागेवर ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प काढावा, असंच लिहिलं आहे.

पण ४८ लाखांवर भाळू नये. एक मेगावॉट उभा करायला आजच्या भावाने साडेतीन ते चार कोटी लागतात. चार कोटी धरा. बँक सत्तर टक्के, म्हणजे २ कोटी ८० लाख देईल. उरलेले १ कोटी २० लाख सभासदांचे, ६०० घरांनी प्रत्येकी २० हजार. पंधरा वर्षांचं कर्ज, दहा टक्के व्याज धरलं तर हप्ता वर्षाला ३७ लाख. पॅनल धुणं, राखण, विमा, दुरुस्ती यांना पाच-सहा लाख. उरतात पाच-सहा लाख, सव्वा कोटीवर. पतसंस्थेत ठेव ठेवली तर यापेक्षा जास्त मिळतील. खरा पैसा कर्ज फिटल्यावर, सोळाव्या वर्षापासून, वर्षाला चाळीसएक लाखांनी दिसेल. पंधरा वर्षं कळ काढणारी सभासद मंडळी आणि तोवर हात स्वच्छ ठेवणारं संचालक मंडळ, दोन्ही एका गावात मिळणं अवघड आहे. केंद्राचं अनुदान मिळालं किंवा व्याज कमी बसलं तर चित्र बरंच सुधारतं, म्हणून आधी त्याची खात्री करून घ्यायची आणि मगच शेअर गोळा करायचे.

आणि मुळा-प्रवराचं भूत इथेही आहे. तेव्हा वीज विकणारा एकच होता, आता विकत घेणारा एकच आहे, महावितरण. दर करारात ठरलेला. बिल तीन-चार महिने थकलं तर मोठी कंपनी दम धरते, पण गावच्या संस्थेचा बँक हप्ता त्याच महिन्यात चुकतो. उशिराच्या पैशावर व्याज, बँकेची हमी, आणि लाईन बंद असल्यामुळे वीज उचलली गेली नाही तर नुकसान कुणाचं, ही कलमं करारात नसतील तर सही करू नये. लाईन कधी बंद राहते, ते आपल्याला माहीतच आहे, वळवाचा पाऊस नुसता आभाळात दिसला तरी.

एक वाट २०२२ च्या नियमांनी उघडली आहे. १०० किलोवॉट आणि त्यावरचा मंजूर भार असलेला ग्राहक आता हरित वीज थेट उत्पादकाकडून घेऊ शकतो. दूध संघ, शीतगृह, जिनिंग, कांदा प्रक्रिया हे सगळे यात बसतात. महावितरणच्या तारा वापरण्याचे आकार आणि अधिभार द्यावे लागतात, ते कमी नाहीत. पण मोठ्या ग्राहकाला कंपनीचा दर आठ-दहा रुपयांच्या घरात पडतो आणि प्रकल्पाची वीज तीनला जाते, मध्ये भावाला जागा आहे. शिवाय गिऱ्हाईक दुसरं असलं की पहिल्याशी बोलताना आवाज जरा वर निघतो. उसाला गुऱ्हाळ जवळ असलं की कारखान्याशी बोलताना निघतो, तसा.

छोट्या पायरीने जायचं तर गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडीकडे बघावं. २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. दिवसा स्वतःचं शेत भिजवायचं, उरलेली वीज एकाच मीटरमधून तिथल्या वीज कंपनीला द्यायची. २५ वर्षांचा करार, युनिटला ४ रुपये ६३ पैसे. विकता येते म्हटल्यावर पाणी विनाकारण उपसण्याऐवजी वीज वाचवण्यात त्यांना फायदा दिसू लागला. आपल्याकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत मिळणाऱ्या पंपाला ग्रीडची जोडणी नाही. पावसाळ्याचे चार महिने आणि पीक निघाल्यावर ते पॅनल नुसतं ऊन खात उभं असतं. ती वीज विकता आली असती.

ज्या गावांचा ठराव अजून व्हायचा आहे, त्यांच्या हातात थोडं काही आहे. मालकी जमत नसेल तर हिस्सा मागता येतो. १५ लाखांऐवजी प्रत्येक युनिटमागे पाच पैसे जरी ग्रामपंचायतीला मागितले, तर सोळा लाख युनिटचे वर्षाला ८० हजार होतात, एका मेगावॉटला. पाच मेगावॉटचा प्रकल्प असेल तर चार लाख, तेही करार असेपर्यंत. योजनेत आज तशी तरतूद नाही, त्यामुळे कंपनी पहिल्यांदा नाहीच म्हणेल. राखणीला आणि पॅनल धुवायला गावातलीच पोरं घेणं, चराईसाठी किती गायरान मोकळं ठेवायचं, मुदत संपल्यावर पॅनल आणि सिमेंटचे पाये कुणी उचलायचे, हे मात्र ठरावात आजही लिहून घेता येतं. हात वर करायच्या आधी कराराचा मसुदा मराठीत वाचून दाखवा, एवढं ग्रामसेवकाला सांगायला पैसे पडत नाहीत.